आधी हेडफोन सांगा, मग डॅक

प्रश्न : सेकंडहँड सेन्हायझर एचडी ६०० घेतला आहे. लॅपटॉपच्या जॅकला लावून मल्लिकार्जुन मन्सूर, भीमसेनजींची जुनी रेकॉर्डिंग्ज ऐकतो. आवाज शंभरावर नेला तरी आलाप बारीकच येतो, आणि चार्जर लावला की कानात किर्र सुरू होते. दुकानदाराने आतल्या चिपचं नाव सांगून एक डॅक (फाइलमधल्या आकड्यांचा आवाजाचा विद्युत्-संकेत करणारी डबी) सुचवला. १९२ किलोहर्ट्झच्या फायलींशिवाय मजा नाही म्हणतो. बजेट १२ हजार. काय घेऊ?
– एक वाचक, सांगली

उत्तर : चिप राहू द्या बाजूला. तुमच्या पत्रात कामाची गोष्ट आहे ती एचडी ६००. हा ३०० ओहमचा हेडफोन (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा), आणि १ व्होल्टला ९७ डेसिबल हा कंपनीचाच आकडा. लॅपटॉपचा जॅक जेमतेम तेवढाच व्होल्ट देतो, पुष्कळदा त्याहून कमी. बरं, ते ९७ पूर्ण जोराच्या सुराला. विलंबित ख्यालातला आलाप त्याच्या वीस-पंचवीस डेसिबल खाली सहज असतो. आजचं सिनेमाचं गाणं मुळातच ठोकून सपाट केलेलं, म्हणून ते त्याच जॅकवर दणक्यात वाजतं आणि मन्सूर कुजबुजतात.

म्हणजे तुम्हाला कमी पडतोय तो व्होल्टेज. डॅकचं काम आकड्यांचा विद्युत्-संकेत करण्याचं, आणि आज बऱ्यापैकी कंपनीचा साधा डॅकही ते कानाला पुरून उरेल इतकं चोख करतो. तो संकेत मोठा करून हेडफोनला ढकलायचं काम त्याच्या पुढच्या ॲम्पचं, म्हणजे ॲम्प्लिफायरचं. दोन्ही एकाच डबीत असलेली वस्तू घ्या. व्होल्टेज दुप्पट झाला की ६ डेसिबल मिळतात; २ व्होल्टला ६, ४ व्होल्टला १२.

खोक्यावर मिलिवॅट मोठ्या अक्षरांत छापतात, पण ते बहुधा ३२ ओहमचे. तो आकडा तुमच्या उपयोगाचा नाही. ‘३०० ओहमला किती?’ एवढंच विचारा. पन्नास मिलिवॅटच्या आसपास असेल तर डोळे झाकून घ्या. तेच सुमारे ४ व्होल्ट. फिओ, टॉपिंग, आयफाय कुणाचंही चालेल. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, अंक छापून येईपर्यंत नवीन निघालेलं असतं. ४.४ मिलिमीटरचा बॅलन्स्ड जॅक (दोन्ही कानांच्या तारा पूर्ण वेगळ्या ठेवणारा) असलेले काही डोंगलही, म्हणजे यूएसबीला लावायचे चिमुकले डॅक-ॲम्प, इथवर पोचतात, आणि एचडी ६०० ची वायर सुटी होते, म्हणजे फक्त वायर बदलायची. पण एका जागी बसून ऐकत असाल तर मी फिरवायचं बटण असलेला टेबलावरचा डबाच घेईन. मैफल ऐकताना माउस कोण शोधत बसणार!

किर्रचं आधी निदान करा. चार्जर काढल्यावर थांबते ना? मग तो गोंगाट लॅपटॉपच्या पोटातून जॅकमध्ये शिरतोय. यूएसबीवरच चालणारा बाहेरचा डॅक लावलात तर बहुतेक वेळा जातो. स्वतंत्र अडॅप्टरवर चालणारा डबा असेल तर किर्र परत येते का ते बघा : दुकानात लॅपटॉपचा चार्जर लावून, गाणं थांबवून, बटण पूर्ण फिरवून शांतता ऐका. (तेवढ्यात चुकून गाणं सुरू करू नका.)

१९२ किलोहर्ट्झचं मला कौतुक नाही. हा आकडा म्हणजे सेकंदाला आवाजाची किती हजार मोजमापं घेतली तो, आणि त्याच्या निम्म्यापर्यंतचे सूर फाइलमध्ये मावतात. म्हणून सीडीचे ४४.१ किलोहर्ट्झ २२ हजार हर्ट्झपर्यंत पोचतात, तरुण कान वीस हजारांना थांबतो. आकाशवाणीच्या जुन्या टेपवर तिथवर असतंच काय? फाइल फुगवल्याने तंबोऱ्याचा जवार वाढत नाही.

दोन डॅक तुलनेला देतील तेव्हा आवाज समान करून घ्या, नाहीतर जो किंचित मोठा तोच ‘मोकळा’ वाटतो. कानाने नाही जमत. ५० हर्ट्झचा टोन लावा, हेडफोन जोडलेला ठेवून साधा मल्टिमीटर एसी व्होल्टवर पिनला टेकवा आणि दोन्हीकडे सारखा आकडा आणा. दुकानदार वैतागेल. वैतागू दे.

प्रश्न : ब्लूटूथ हेडफोनसाठी कोणता डॅक चांगला?
– एक वाचक, पुणे

उत्तर : कोणताच नाही. तुमच्या हेडफोनच्या कपातच डॅक आणि ॲम्प दोन्ही बसवलेले आहेत. फोनला बाहेरून जोडलेला डॅक त्या वाटेवर येतच नाही.

प्रश्न : ॲपलचा छोटा डोंगल माझ्या अँड्रॉइड फोनवर बारीक वाजतो, मैत्रिणीच्या आयपॅडवर मात्र खणखणीत. खराब निघाला का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : खराब नाही. डोंगलच्या आतला आवाज फोनने वर न्यावा लागतो, आणि अनेक अँड्रॉइड फोन तो नेत नाहीत. डॅकवर थेट ताबा घेणारं यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रोसारखं ॲप असेल तर ही अडचण सुटू शकते, पण ती त्या ॲपपुरतीच. यूट्यूब बारीकच राहील. ॲपसाठी पैसे मोजण्यापेक्षा डोंगल मैत्रिणीला देऊन टाका आणि स्वतः दुसऱ्या कंपनीचा घ्या. इअरफोन १६ ते ३२ ओहमचे असतील तर साध्यातला साधा पुरतो.