रिलोडिंगसाठी, म्हणजे उडवलेली काडतुसं पुन्हा भरण्यासाठी, साफ केलेल्या पितळी पुंगळ्या पुन्हा काळ्या पडू नयेत म्हणून काय करावं?

शेवटच्या फेरीला टंबलरमधल्या (पुंगळ्या घुसळून साफ करणाऱ्या यंत्रातल्या) मक्याच्या कणसाच्या भरड्यात चमचाभर अमोनिया नसलेलं कार वॅक्स टाका, ते नीट मिसळू द्या, मगच पुंगळ्या घाला; मेणाचा पातळ थर बसतो आणि चमक बराच काळ टिकते. पितळ काळवंडतं ते हवा, ओल आणि बोटांच्या घामामुळे. म्हणून पाण्याने धुतलेल्या पुंगळ्या प्रायमरच्या (बुडाशी बसणाऱ्या, ठिणगी देणाऱ्या टोपीच्या) खळग्यासकट पूर्ण वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. अमोनियावालं पितळ पॉलिश मात्र अजिबात नको. त्याने ताण असलेल्या पितळाला बारीक चिरा जातात आणि वरून पुंगळी झकास दिसत राहते! साफ करताना सायट्रिक ॲसिडमध्येही फार वेळ ठेवू नका, गुलाबी छटा म्हणजे पृष्ठभागावरचं जस्त निघालं. बाकी काळपट पण स्वच्छ, न तडकलेली पुंगळी तितकीच चांगली चालते.