सगळं एकाच क्लाउड सर्व्हरवर चालतंय, तर स्टोरेज, डेटाबेस, लोड बॅलन्सर वेगळे कशाला घ्यायचे?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: संस्थेची प्रवेशअर्जांची साइट आहे. एक व्हर्च्युअल सर्व्हर घेतलाय आणि पीएचपी, मायएसक्यूएल, मुलांनी चढवलेल्या गुणपत्रिका असं सगळं त्याच्यावरच आहे. आता व्हेंडरने कोटेशनमध्ये आणखी पाच-सहा सेवा घातल्यात, पण त्या सर्व्हरला कशा जोडल्या जातात हे कुणी धड सांगत नाही. मी रोज ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएसवर काम करते, म्हणून नावं तिथलीच घेते. ॲझ्युर किंवा गूगल क्लाउडवर पाट्या वेगळ्या असतात, आतली मांडणी साधारण हीच.

पहिली गोष्ट, तुमचा ‘एकच सर्व्हर’ मुळात एकटा नाहीच. ईसी२ ही सर्व्हर भाड्याने देणारी सेवा आणि तिथला एक सर्व्हर म्हणजे इन्स्टन्स: डेटा सेंटरमधल्या एका दांडग्या यंत्रातून हायपरवायझरने (यंत्राचे भाग पाडणाऱ्या सॉफ्टवेअरने) काढून दिलेला तुकडा. त्यात काही व्हीसीपीयू (वाट्याला आलेले प्रोसेसर), थोडी रॅम आणि एक नेटवर्क कार्ड. डिस्क बहुतेक वेळा त्यात नसतेच. डीएफ ही डिस्क दाखवणारी कमांड मारल्यावर जी दिसते ती ईबीएस नावाच्या वेगळ्या सेवेकडून नेटवर्कवरून आलेली असते. लिनक्सला ती साधी डिस्कच वाटते. म्हणून तर यंत्र बिघडलं तर तीच डिस्क दुसऱ्या इन्स्टन्सला लावता येते, फक्त तो त्याच झोनमध्ये, म्हणजे डेटा सेंटरच्या त्याच गटात हवा. २००६ मध्ये ईसी२ सुरू झालं तेव्हा ही सोय नव्हती, ईबीएस २००८ मध्ये आलं. तोवर इन्स्टन्स गेला की त्यावरचा डेटाही गेला. फाइली ठेवायची एस३ सेवा मात्र ईसी२च्या काही महिने आधीच आली होती. डेटा बाहेर आणि सर्व्हर कामापुरता, ही पद्धत अगदी सुरुवातीपासूनची आहे.

माझ्या दृष्टीने सगळ्याचं सार एवढंच: सर्व्हर कधीही टाकून देता आला पाहिजे. बाकीच्या सेवा त्यासाठीच आहेत. त्या एकमेकींशी कशा बोलतात हे बघायला एकच अर्ज घेऊ.

शेवटची तारीख, रात्रीचे अकरा. लातूरची एक मुलगी मोबाइलवरून गुणपत्रिकेची पीडीएफ चढवतेय. साइटच्या नावाला डीएनएसकडून (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) जो पत्ता मिळतो तो सर्व्हरचा नसतो, येणाऱ्यांना सर्व्हरांमध्ये वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरचा असतो. एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट तिथे बसवलेलं असतं. त्याच्यामागे दोन सर्व्हर, मुंबई रीजनच्या दोन वेगळ्या झोनमध्ये. (रीजन म्हणजे एका शहराभोवतीच्या झोनांचा समूह.) लोड बॅलन्सर दर काही सेकंदांनी दोघांना एक ठरावीक पान मागतो. ज्याच्याकडून उत्तर येत नाही त्याच्याकडे माणसं पाठवणं थांबवतो. एवढंच त्याचं काम, पण रात्री अकरा वाजता तेच लागतं.

आता तिची विनंती आपल्या पीएचपीपाशी पोचली. फाइल एस३च्या बकेटमध्ये, म्हणजे तिथल्या कप्प्यात जायचीय, पण एस३ आपल्या सर्व्हरला ओळखणार कसं? इथे बरेच जण ॲक्सेस की (कायमची गुप्त किल्ली) काढतात आणि कॉन्फिग फाइलमध्ये चिकटवतात. मग ती फाइल कधीतरी गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर जाते, आणि अशा किल्ल्या शोधत फिरणारे बॉट तिथे टपलेलेच असतात. सरळ मार्ग म्हणजे इन्स्टन्सला ‘रोल’, म्हणजे परवानग्यांची यादी लावायची. मग सर्व्हरवरचा कोड १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर विचारतो आणि त्याला काही तास चालणारी तात्पुरती किल्ली मिळते. हा पत्ता इन्स्टन्सच्या आतूनच चालतो, बाहेरच्याला तिथे पोचता येत नाही. किल्ली संपत आली की नवी मिळते, आपल्याला काही करावं लागत नाही. रोलमध्ये लिहायचं एवढंच: या बकेटमध्ये फाइल ठेवायची परवानगी आहे, पुसायची नाही. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातली सर्वात कामाची आणि सर्वात दुर्लक्षित गोष्ट हीच.

तरीही पीडीएफ सर्व्हरमधून जातच नाही. सर्व्हर त्या किल्लीने एक प्रीसाइन्ड यूआरएल (आधीच सही केलेली लिंक) बनवून मोबाइलकडे पाठवतो. काही मिनिटंच चालणारी. मोबाइल फाइल थेट एस३कडे ढकलतो. हजार मुलं एकदम फाइली चढवायला लागली तरी आपल्या दोन सर्व्हरांना फक्त हजार यूआरएल बनवाव्या लागतात.

मग डेटाबेसमध्ये नोंद. आरडीएस ही डेटाबेसची सेवा, म्हणजे आत पुन्हा एक व्हर्च्युअल मशीन आणि त्यावर मायएसक्यूएलच, फक्त त्यात एसएसएच करून (दुरून लॉगिन करून) शिरता येत नाही. बॅकअप, पॅचिंग ॲमेझॉनच बघतं. सर्व्हर त्याला एका नावाने हाक मारतो. मल्टी-एझेड, म्हणजे दुसऱ्या झोनमध्ये डेटाबेसचा तयार जोडीदार घेतलेला असेल आणि मुख्य डेटाबेस पडला, तर तेच नाव दुसऱ्या झोनमधल्या जोडीदाराकडे वळवलं जातं. डेटाबेसच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये (कुणाला आत सोडायचं याचे नियम) मायएसक्यूएलचं ३३०६ पोर्ट उघडताना सर्व्हरचा आयपी लिहू नका, सर्व्हरचा सिक्युरिटी ग्रुपच लिहा. उद्या त्याच ग्रुपमध्ये तिसरा सर्व्हर उभा राहिला तर त्याला आपोआप वाट मिळते.

फाइल बकेटमध्ये पडल्याची वर्दी एस३ स्वतःच एका रांगेत टाकतं, तिथून लँब्डामधला (सर्व्हर न सांभाळता कोड चालवायची सेवा) छोटा कोड ती उचलून पीडीएफ उघडते का ते तपासतो. ‘अर्ज मिळाला’ ही मेल एसईएस या मेल पाठवायच्या सेवेतून जाते. ईसी२वरून बाहेर जाणारं मेलचं २५ नंबरचं पोर्ट मुळातच बंद ठेवलेलं असतं, त्यामुळे सर्व्हरवरच मेल सर्व्हर बसवायचा बेत असेल तर सोडून द्या.

दुसरा सर्व्हर आला की पहिली कुरकुर लॉगिनची येते. पीएचपी सेशन, म्हणजे कोण लॉगिन आहे याची नोंद, त्याच सर्व्हरच्या डिस्कवर ठेवतं. मुलगी एका सर्व्हरवर लॉगिन करते, पुढचं पान दुसरा सर्व्हर देतो आणि तो तिला ओळखतच नाही. सेशन रेडिसमध्ये (मेमरीत चालणारा वेगवान साठा) किंवा डेटाबेसमध्ये हलवल्याशिवाय लोड बॅलन्सर लावू नका. आणि साइट मंद झाली म्हणून आधी सर्व्हर मोठा करू नका. मी बघितलेल्या साइटींमध्ये बहुतेकदा डेटाबेसच्या एखाद्या टेबलला इंडेक्स (झटपट शोधायची सूची) नसतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

पैशाचं जरा बघून घ्या. सर्व्हर बंद केला तरी ईबीएसचं भाडं चालूच राहतं. पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याला फेब्रुवारी २०२४ पासून तासाप्रमाणे पैसे पडतात, वापरात असला तरी. बंद करून ठेवलेला आरडीएस सात दिवसांनी आपणहून चालू होतो, हे महिन्याच्या बिलात कळतं. सर्व्हर प्रायव्हेट सबनेटमध्ये (बाहेरून थेट पोचता न येणाऱ्या नेटवर्कमध्ये) ठेवले तर त्यांचं एस३शी बोलणं बाहेर जायची वाट देणाऱ्या नॅट गेटवेतून जातं आणि तिथे दर जीबीला पैसे लागतात. एस३साठीचा गेटवे एंडपॉइंट, म्हणजे नॅट टाळणारी थेट वाट, फुकट आहे, पण तो कुणीतरी आठवणीने लावावा लागतो. तुमच्या कोटेशनमध्ये नॅट असेल आणि एंडपॉइंट नसेल, तर तेवढं विचाराच.

तुमच्यापुरतं सांगायचं तर सगळं एकदम घेऊ नका. आधी गुणपत्रिका एस३मध्ये आणि डेटाबेस आरडीएसमध्ये हलवा. मुलांच्या फाइली आहेत, तेव्हा बकेट सार्वजनिक नाही याची खात्री करा. लोड बॅलन्सर आणि दुसरा सर्व्हर प्रवेशाच्या हंगामापुरते घेतले तरी चालतील. मल्टी-एझेडने डेटाबेसचा खर्च जवळजवळ दुप्पट होतो, तेव्हा तो निर्णय संस्थेचा. कोटेशनमध्ये कुबरनेटीस (अनेक सर्व्हरांचा ताफा सांभाळायची यंत्रणा) असेल तर त्या ओळीवर काट मारा.

आणि सही करण्याआधी व्हेंडरला चाचणीची एक प्रत उभी करायला सांगा. त्यातला सर्व्हर तुमच्यासमोर टर्मिनेट, म्हणजे कायमचा नष्ट करायला लावा, आणि साइट, फाइली आणि नोंदी सगळ्या परत येईपर्यंत किती वेळ जातो ते घड्याळ लावून बघा.