पश्चिम आफ्रिकेतला गिनी-बिसाऊ हा देश खरंच नुसत्या काजूवर चालतो का?

निर्यातीपुरतं बोलायचं तर जवळजवळ हो. त्या कमाईतला सुमारे ९० टक्के वाटा एकट्या काजूबियांचा आहे. देशात काजू कारखाने फारसे नाहीत, म्हणून बी सालासकट भारत-व्हिएतनामला जाते आणि फोडण्या-सोलण्याची मजुरी बाहेरच राहते. छोटे शेतकरी बिया देऊन तांदूळ घेतात, त्यामुळे बियांचा भाव पडला की ताटातला भातच कमी होतो. सरकारकडूनही फारसा आधार नाही: १९७४ मध्ये पोर्तुगीज गेले, पण १९८०, २००३, २०१२ असे लष्करी उठाव होतच राहिले. मात्र ९० टक्के हा आकडा निर्यातीचा. रोजच्या जेवणाचा नव्हे. किनाऱ्यालगत बालांता लोक बांध घालून, अगदी आपल्या खाजणांसारखी, भातशेती करतात आणि मासेमारीही आहेच.