निकालाच्या रात्रीची पार्टी आणि देणगीचा डबा

न्यू जर्सीहून एका वाचकाने विचारलं आहे. ते एच-वनबी या नोकरीच्या व्हिसावर आहेत, पत्नी एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर. आय-140, म्हणजे कंपनीने ग्रीन कार्डसाठी भरलेला अर्ज, मंजूर झालाय, ग्रीन कार्डची रांग सरकत नाही. 3 नोव्हेंबर 2026 च्या मंगळवारी मध्यावधी निवडणुकीचे निकाल पाहायला पंचवीसेक जणांना घरी बोलवायचं त्यांच्या मनात आहे. लाल-पांढरी-निळी सजावट करायची आणि शेजारी आपला तिरंगाही लावायचा. गटातला एक मित्र टाउनशिप कौन्सिलला, म्हणजे गावच्या नगरपरिषदेला, उभ्या असलेल्या एका मराठी उमेदवाराचं काम करतो. तो म्हणतो, दारात एक डबा ठेवू, प्रत्येकी पन्नास डॉलर टाकू, उमेदवारही दहा मिनिटं येऊन जाईल. पत्नीचं म्हणणं, आपल्याला मतच नाही तर नसती उठाठेव कशाला? या सगळ्याने ग्रीन कार्ड अडचणीत येईल का, हा त्यांचा प्रश्न आहे.

आधी वहिनींची शंका. घरी माणसं जमवून टीव्हीवर निकाल पाहणं, त्यावर भांडणं, झेंडे लावणं यासाठी मतदार असावं लागत नाही. बोलण्याचं स्वातंत्र्य तुम्हालाही आहे. पार्टी करा. माझी भीती आहे ती त्या डब्याची आणि त्यानंतर बाटलीची.

अमेरिकेच्या निवडणूक कायद्यात परदेशी नागरिकाने देणगी देण्यावर सरसकट बंदी आहे. ती फक्त अध्यक्ष किंवा सेनेटच्या निवडणुकीपुरती असते असा आपल्या लोकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. कायद्यात फेडरल, राज्य आणि स्थानिक या तिन्ही निवडणुकांचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे टाउनशिप कौन्सिलही त्यात आलीच. ग्रीन कार्डवाल्यांना बंदीतून सूट आहे, तुम्हाला आणि पत्नीला नाही. किती वर्षं टॅक्स भरताय याने काही फरक पडत नाही. न्यूयॉर्कमध्ये नोकरी करणाऱ्या एका कॅनेडियन वकिलाने याच मुद्द्यावर दावा लावला होता. त्याला उमेदवारांना देणगी द्यायची होती आणि स्वतः छापलेली प्रचारपत्रकं सेंट्रल पार्कमध्ये वाटायची होती. 2011 मध्ये फेडरल न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने त्याला नकार दिला आणि 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. पीठाचं निकालपत्र लिहिणारे ब्रेट कॅव्हेनॉ आता स्वतः सर्वोच्च न्यायालयात आहेत, म्हणजे हा कायदा लवकर बदलेल अशी आशा नको.

‘मतदान रात्री आठला संपतं, नंतर दिलेले पैसे देणगी कसे?’ असं तुमचा मित्र म्हणेल. प्रचारात झालेलं कर्ज फेडायला उमेदवार निकालानंतरही पैसे गोळा करतात आणि तीही देणगीच असते. ‘मग तू माझ्याकडे रोख दे, मी सिटिझन आहे, माझ्या नावाने भरतो’ हा पुढचा तोडगा तर त्याहून वाईट. दुसऱ्याच्या नावाने देणगी देणं हा वेगळा गुन्हा आहे आणि तो अमेरिकन नागरिकालाही लागतो. मुंबईत जन्मलेले, पुढे अमेरिकेत उजव्या गोटातले लेखक म्हणून नावाजलेले दिनेश डिसूझा यांनी 2014 मध्ये नेमक्या याच गुन्ह्याची कबुली दिली. त्यांना पाच वर्षांचं प्रोबेशन झालं. 2018 मध्ये अध्यक्षांनी माफी दिली, पण तशा माफीच्या भरवशावर तुम्ही बसू नये.

आता उमेदवाराच्या भेटीचं. त्यांनी यावं, सामोसा खावा, जावं. पण निमंत्रणावर त्यांचं नाव घातलंत, भाषण ठेवलंत आणि जेवणाचा खर्च तुमचा, तर ‘मौल्यवान वस्तू दिली’ असं म्हणायला कुणालाही जागा मिळते. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून प्रचारात काम करायला परदेशी नागरिकाला मुभा आहे, पैसा मात्र कुठेच लावता येत नाही. मी असतो तर उमेदवाराचा कार्यक्रम मित्राच्या घरी, मित्राच्या खर्चाने ठेवायला सांगितलं असतं.

बाटलीकडे वळू. 1984 च्या ‘केली विरुद्ध ग्विनेल’ खटल्यात न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की पाहुण्याला धुंद होईस्तोवर पाजून गाडी चालवायला सोडणारा यजमानही अपघाताच्या भरपाईला जबाबदार असू शकतो. त्या प्रकरणातला यजमान वाईट माणूस नव्हता. पाहुण्याला गाडीपर्यंत सोडायला गेला, दोन शब्द बोलला आणि थोड्या वेळाने ‘पोचलास का?’ विचारायला घरी फोनही केला. तोवर समोरासमोर टक्कर होऊन एक बाई गंभीर जखमी झाली होती. पुढे राज्याने कायदा करून ही जबाबदारी थोडी आखूड केली. आता मुख्य प्रश्न असतो तो पाहुणा दिसण्याइतका झिंगलेला असताना तुम्ही त्याला दारू दिलीत का. आपल्याकडचा ‘अरे, एक तर घे, निकाल लागायचाय अजून’ हा आग्रह इथे थेट पुरावा ठरतो. घराच्या किंवा भाडेकरूच्या विम्यात अशी जबाबदारी धरली आहे का, ते एजंटला आधीच विचारून ठेवा.

शिवाय तुमचे निम्मे पाहुणे व्हिसावर असणार. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली तरी, गुन्हा शाबित होण्याची वाट न पाहता, व्हिसा रद्द होऊ शकतो. परराष्ट्र खात्याचं हे धोरण 2015 पासून आहे. त्या माणसाला ते कळतं बहुधा ईमेलवर, डिसेंबरात पुण्याला जायची तिकिटं काढून झाल्यावर. तेव्हा परत सोडायला न पिणारे दोघं-तिघं आधीच ठरवा. एकवीसच्या आतल्या कुणालाही बिअर देऊ नका, कॉलेजात जाणारी शेजाऱ्यांची मुलंसुद्धा त्यात आली. आणि गांजा. न्यू जर्सीत एकविसाच्या वरच्यांना तो दुकानात राजरोस मिळतो, पण फेडरल कायद्याने तो अजूनही नियंत्रित पदार्थ आहे आणि इमिग्रेशन फेडरल कायद्यानेच चालतं. विमानतळावरच्या अधिकाऱ्यापुढे ‘पार्टीत एकदा ओढला होता’ ही कबुलीही प्रवेश नाकारायला पुरू शकते. घरात नकोच.

सजावटीचं फार मनावर घेऊ नका. इथल्या झेंडा संहितेत कागदी नॅपकिनवर ध्वज छापू नये, तो पांघरू नये असं लिहिलंय खरं, पण त्याला शिक्षा नाही. 1989 मध्ये तर ध्वज जाळणंही अभिव्यक्तीच आहे असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. फक्त दोन देशांचे ध्वज लावताना वेगळ्या काठ्या, सारखी उंची आणि साधारण सारखा आकार ठेवा. निकालावर पैशांची पैज लावू नका, हौस असेल तर चकलीचा डबा बक्षीस ठेवा.

‘आय व्होटेड’चं स्टिकर नागरिक मित्र गंमत म्हणून तुमच्या शर्टावर चिकटवतील. नुसत्या स्टिकरने नागरिकत्वाचा खोटा दावा होत नाही, पण तो फोटो फेसबुकवर जाऊ देऊ नका. व्हिसाच्या डीएस-160 अर्जात 2019 पासून सोशल मीडियाची खाती विचारतात आणि पुढे नागरिकत्वाचा एन-400 अर्ज भरताना ‘कधी मतदान केलंत का’ हा प्रश्न असतोच. फोटोचा खुलासा देत बसण्यात हशील नाही.

एक गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात, मला ती खटकली. जेवण ओळखीच्या एका वहिनी करून देणार, त्या एच-फोरवर आहेत आणि त्यांना रोख पैसे द्यायचे ठरलंय. त्यांच्याकडे ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, आहे का ते आज विचारा. नसेल तर हे विनापरवाना काम झालं आणि त्याचा फटका त्यांच्या स्टेटसला बसेल. माहीत असून काम दिल्याचं बालंट तुमच्यावरही येऊ शकतं. तसं असेल तर जेवण परवाना असलेल्या हॉटेलातून मागवा आणि त्यांना पाहुण्या म्हणून बोलवा.