डावा हात मागे का राहतो?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही मोठेपणी पियानो शिकणाऱ्या वाचकांना दोनच गोष्टी विचारल्या होत्या: सध्या काय वाजवताय आणि कुठे अडताय. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतची पत्रं आली. बहुतेकांची अडचण एकच आहे. कानाला कळतं, हाताला जमत नाही. भजनात, नाट्यगीतात किंवा चर्चच्या क्वायरमध्ये ज्यांचे कान तयार झालेत, त्यांना स्वतःची चूक लहान मुलांपेक्षा आधी ऐकू येते, म्हणून ते खट्टूही लवकर होतात. तयार कान ही मोठी पुंजी आहे. हाताला तिथवर यायला वेळ मात्र द्यावा लागतो.

प्रश्न: तीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवतो, डबलबारीला (दोन भजनी बुवांच्या सामन्याला) साथ केली आहे. सहा महिन्यांपूर्वी डिजिटल पियानो घेतला. उजवा हात धावतो, पण डावा घातला की दोन्ही थांबतात. वय ६१. आता डावा हात तयार होईल का?
(निवृत्त शिक्षक, कुडाळ)

उत्तर: होईल. तुमचा डावा हात तीस वर्षं भात्यावर होता, त्याने एकही सूर वाजवलेला नाही. तो नवशिका आहे आणि त्याच्या शेजारी मुरलेला वादक बसलाय. यात वयाचा संबंध फार थोडा. काही महिने उजव्याने डाव्याच्या चालीने चालायचं, एवढं आधी मान्य करा.

पहिला आठवडा फक्त डावा हात. पियानोत अंगठा म्हणजे १ आणि करंगळी म्हणजे ५. करंगळी पांढरी एकवर (पेटीचीच मोजणी, पाश्चात्त्य नावाने सी), अंगठा पांढरी पाचवर ठेवा आणि ५-४-३-२-१, मग उलट १-२-३-४-५. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) ६० वर, म्हणजे मिनिटाला ६० ठोके, एका ठोक्याला एक सूर, रोज पाच मिनिटं. अनामिका हट्टीपणा करेल. तिचे स्नायूबंध शेजारच्या बोटांशी जोडलेले असतात, त्यामुळे ती एकटी उंच उचलत नाही. जोर लावून उचलू नका, पट्टीला टेकूनच खाली दाबा.

दुसऱ्या आठवड्यात पूर्ण सप्तक. डाव्याची बोटं ५-४-३-२-१-३-२-१. अंगठा पांढरी पाचवर आला की मधलं बोट त्याच्यावरून पांढरी सहावर जातं. इथे बहुतेकांचं कोपर बाहेर फेकलं जातं आणि सुराला हिसका बसतो. कोपर जागेवर ठेवून फक्त मनगट किंचित सरकवा. उजव्याची बोटं १-२-३-१-२-३-४-५. मधल्या बोटानंतर अंगठा हाताखालून पांढरी चारवर येतो. पेटीवाले पुष्कळदा अंगठा हवेत ठेवून तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका यांवरच भागवतात. पेटीवर ते खपतं, पियानोवर हात अडकतो.

तिसऱ्या आठवड्यापासून तुमचा राग कामाला लावा. फक्त पाच काळ्या पट्ट्या घ्या. काळी तीनला षड्ज धरला की भूप, काळी एकला धरला की दुर्गा, काळी दोनला धानी, काळी चारला मध्यमाद सारंग आणि काळी पाचला मालकंस. पट्ट्या त्याच, षड्ज तेवढा बदलतो. भूपासाठी डाव्या करंगळीने काळी तीन आणि अंगठ्याने वरची काळी एक, म्हणजे सा आणि प, चार ठोके धरून ठेवा. वर उजव्याने सावकाश भूप. मालकंसात पंचम नाही, तिथे डाव्याने सा-म धरा, म्हणजे काळी पाच आणि वरची काळी दोन. हे सहज झालं की डाव्याचे सूर सुटे करा: सा, प, वरचा सा, प. बोटं ५-२-१-२. त्यावर उजव्याचा आधी चार सुरांना एक, मग दोन, मग चार. दोनवरून चारवर जाताना नक्की अडेल. अडलं की दोनवर परत या, मेट्रोनोम ५० वर आणा. सलग तीनदा चुकीविना झालं तरच मेट्रोनोमचा आकडा चारने वाढवा.

आणखी एक फरक बोटांना सांगायला हवा. पेटीचा सूर भाता चालू आहे तोवर टिकतो आणि बोट कितीही जोरात दाबलं तरी मोठा होत नाही. पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विरत जातो, आणि तो किती मोठा हे पट्टी किती वेगाने खाली गेली त्यावर ठरतं. न्यासाचा, म्हणजे जिथे थांबायचं तो सूर पियानोवर पोकळ वाटतो तो यामुळे. ती पोकळी डाव्या हाताने आणि पायाने दाबायच्या, सूर लांबवणाऱ्या पेडलने भरायची असते. तीन महिन्यांनी पुन्हा लिहा, मेट्रोनोमचा आकडा मात्र नक्की कळवा.

प्रश्न: अर्ध्या तासात उजवं मनगट दुखायला लागतं. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसते.
(बँक कर्मचारी, रत्नागिरी)

उत्तर: खुर्ची ठेंगणी आहे. प्लास्टिकच्या खुर्चीची बैठक साधारण ४२-४३ सेंटिमीटर असते आणि स्टँडवरच्या पियानोच्या पट्ट्या ७२-७५ वर. कोपर पट्ट्यांच्या पातळीला किंवा बोटभर वर यायला हवं, म्हणजे बैठक ४८-५० च्या आसपास. घट्ट घडी घातलेली गोधडी पुरते. फोमची उशी दबते, तिचा उपयोग नाही. बैठकीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा, पाठ टेकू नका. तरीही दुखलं तर दर दहा मिनिटांनी थांबा. बोटांना मुंग्या येत असतील किंवा रात्री हात बधिर होत असेल, तर सराव बंद करून डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: मार्च ते मे आंब्याच्या हंगामात रोज पंधरा मिनिटंही मिळत नाहीत. जूनमध्ये पाहतो तर सगळं विसरलेलं.
(बागायतदार, देवगड)

उत्तर: मग दहा मिनिटं. आंब्याच्या पेट्या भरून झाल्यावर रात्री हेडफोन लावून. दोन मिनिटं पाच बोटांचा सराव, पाच मिनिटं एकाच तुकड्याचे चार बार (ठोक्यांचे छोटे गट), तीन मिनिटं आधी पक्कं झालेलं काहीतरी. हंगामात नवी रचना सुरू करू नका. रविवारी सलग दीड तास बसण्यापेक्षा रोजची दहा मिनिटं हातात जास्त टिकतात, कारण बोटांनी शिकलेलं मधल्या झोपेत पक्कं होतं. ओझी उचलून हात ताठले असतील तर आधी कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवा आणि त्या रात्री बोटं ताणणारे दूरदूरचे स्वर घेऊ नका.

जूनमध्ये परत बसाल तेव्हा मेट्रोनोम आधीच्या आकड्यापेक्षा २० ने खाली लावा आणि रचनेच्या शेवटच्या चार बारपासून सुरू करा, मग त्याआधीचे चार, असं मागे मागे. सुरुवात नेहमीच जास्त घोटलेली असते आणि शेवट कच्चा. मागून आलं की वाजवताना तुम्ही ओळखीच्या दिशेला जाता.

प्रश्न: आजोबांचा उभा पियानो घरात आहे. पावसाळ्यात निम्म्या पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. कुणी खोबरेल सोडायला सांगतं, कुणी घासायला. सूरही चढल्यासारखा वाटतो.
(गृहिणी, वेंगुर्ले)

उत्तर: तेल नको, आणि घासणंही नको. तेलाने फेल्ट (आतलं लोकरीचं जाड कापड) फुगतं आणि त्यावर धूळ चिकटते. घासलेलं लाकूड हिवाळ्यात सुकलं की पट्टी खुळखुळते.

आधी बिघाड नेमका कुठे ते बघा. प्रत्येक पट्टी दोन धातूच्या खुंट्यांवर बसते, एक मधोमध आणि एक पुढच्या टोकाखाली. खुंटीची भोकं फेल्टने मढवलेली असतात. दमट हवेत लाकूड आणि फेल्ट दोन्ही फुगून खुंटीला आवळतात. पट्टी बोटाने डावी-उजवीकडे हलवून पाहा. किंचित हालचाल हवी. अजिबात हलत नसेल तर दोष तिथेच. पट्टी वर येते पण आतली हातोडी तारेजवळच रेंगाळते, असं असेल तर हातोडीच्या सांध्याची पिन आवळली आहे. ते काम ट्यूनरचं, म्हणजे पियानोचा सूर लावणाऱ्या कारागिराचं.

जुलैत किनाऱ्यावर बाहेरची आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर असते, आणि पियानोला ४० ते ६० मानवते. बंद खोलीतसुद्धा तिथवर आणणं कठीण. म्हणून चढउतार कमी ठेवणं महत्त्वाचं. रात्री एसी आणि दिवसा उघड्या खिडक्या, हे सतत दमट असण्यापेक्षा वाईट. पियानो पावसाचा मार खाणाऱ्या भिंतीला लावू नका, आतल्या भिंतीला लावा आणि मागे वीतभर जागा सोडा. पाय लाकडी ठोकळ्यांवर घ्या. वर सुती चादर घाला. प्लास्टिक आतला ओलावा आतच कोंडतं.

खालची फळी काढून आत १५ वॉटचा दिवा लावायची जुनी पद्धत आहे, ती चालते. पण दिवा फिलामेंटचाच हवा, एलईडीला पुरेशी ऊब नसते. लाकूड आणि फेल्ट यांपासून तो वीतभर लांब टांगा, वायर पेडलच्या दांड्यांना लागू देऊ नका, घर बंद करून जाताना विझवा. आत एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. डिसेंबर ते फेब्रुवारी दिवा बंद, नाहीतर साउंडबोर्ड (तारांमागची मोठी लाकडी फळी) तडकायची भीती.

सूर चढतो तेही ओलाव्यामुळेच. साउंडबोर्ड फुगून तारांखालचा पूल वर ढकलतो आणि तारा ताणल्या जातात. हिवाळ्यात तो खाली येतो. त्यामुळे जुलैत ट्यूनरला बोलावण्यात पैसे वाया जातात. नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर हा काळ चांगला. अशा पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि सगळ्यांचा मिळून ताण पंधरा टनांच्या वर जातो. वर्षानुवर्षं सूर लावला नसेल, तर एका बैठकीत तो जागेवर येत नाही. आधी ढोबळ चढवणं, मग काही दिवसांनी बारकाईने. ट्यूनर आला की पहिल्यांदा विचारा, तारा गुंडाळलेल्या खुंट्या ताण धरतायत का. त्या सैल असतील तर पुढचा सगळा खर्च नव्याने मोजावा लागेल.

आणि टॉर्च घेऊन मागच्या लाकडी खांबांच्या बुडाशी बघा. मातीची बारीक नळी दिसली तर वाळवी, आत फेल्टचा चुरा दिसला तर उंदीर किंवा कसर. यांतलं काहीही असलं तर ट्यूनरच्या आधी त्याचा बंदोबस्त.

प्रश्न: माझ्या नव्या पेडलवर पाय ठेवला की सूर तुटतो, पाय काढला की लांबतो.
(गुहागर)

उत्तर: पेडल बिघडलेलं नाही, त्याची ध्रुवता उलटी आहे, म्हणजे पियानो दाबलेलं पेडल सोडलेलं समजतो. पियानो बंद करा, पेडल जोडा, पाय पूर्ण बाजूला ठेवून पियानो चालू करा. बरेच पियानो सुरू होताना पेडल कसं आहे ते ओळखतात. नाही जमलं तर पेडलच्या बुडाशी छोटा स्विच असतो का पाहा. वापरताना नवा स्वरमेळ वाजतो त्याच क्षणी पाय वर, आणि लगेच खाली. आधीच दाबून ठेवला तर जुने-नवे सूर एकमेकांत मिसळतात. आणि हो, अवकाळीच्या किंवा परतीच्या पावसात विजा सुरू झाल्या की ॲडॅप्टर भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही.

प्रश्न: पन्नाशीत ग्रेडची परीक्षा द्यावी का? सावंतवाडीहून जवळ काय आहे?
(औषधविक्रेता)

उत्तर: तारीख समोर असली की तुमचा सराव नीट होतो, असा स्वभाव असेल तर जरूर द्या. वयाची अट नाही. एबीआरएसएम या ब्रिटनच्या संगीत परीक्षा मंडळाची प्रॅक्टिकल परीक्षा १५० गुणांची असते, १०० ला उत्तीर्ण, १२० ला मेरिट, १३० ला डिस्टिंक्शन. तीन रचना, स्केल, समोर ठेवलेलं वाचून वाजवणं आणि कानाची चाचणी. त्यांचीच दुसरी परीक्षा परफॉर्मन्स ग्रेडची. तिच्यात चार रचना सलग वाजवून त्याचा व्हिडिओ पाठवायचा असतो, मध्ये थांबून चालत नाही. परीक्षकासमोर हात थरथरतो त्यांनी हा मार्ग घ्यावा. कानाच्या चाचणीत भजनी माणसं सहसा पुढे असतात, वाचून वाजवण्यात मागे. त्यासाठी रोज चार अनोळखी बार वाचा, न थांबता, चुकलं तरी पुढे जात. शिक्षणाची चौकशी करायची तर पणजीत कला अकादमीचा पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे.

प्रश्न: आम्ही पाच जण एकमेकांना फोनवर रेकॉर्डिंग पाठवतो. सगळे ‘छान’ म्हणतात. पुढे काय?
(दापोली)

उत्तर: रेकॉर्डिंग तीस सेकंदांचं ठेवा आणि त्यासोबत तीन गोष्टी लिहा: मेट्रोनोमचा आकडा, या आठवड्यात काय सुटलं, काय अडलं. ऐकणाऱ्याने एकच गोष्ट सांगायची, पण जागा दाखवून. ‘सहाव्या बारमध्ये डावा हात उशिरा येतो’ हे उपयोगाचं. ‘अजून सराव हवा’ याने कुणाचं काही भलं होत नाही. ज्याचा आकडा खाली आला असेल त्याला कारण विचारा. बहुतेकदा तो नवा, अवघड तुकडा घेऊन बसलेला असतो, आणि ती शाबासकीची गोष्ट असते. कुणी तीन आठवडे गप्प असेल तर रेकॉर्डिंग न मागता फोन करा.

या पद्धतीने आलेल्या तीन नोंदी इथे देत आहोत, खाली आमचं एकेक वाक्य.

*मालवण:* डावा हात ६० वरून ७६. सप्तक येतं, उतरताना अंगठ्यानंतर हिसका.
उतरताना अंगठा आधी हाताखालून पोचवा आणि मग पट्टी दाबा. १६ ची वाढ पक्की आहे.

*अलिबाग:* दोन्ही हात एकत्र चार बार, ५२. पाचव्या बारला थांबते.
चौथ्याचा शेवटचा ठोका आणि पाचव्याचा पहिला, एवढे दोनच ठोके वीस वेळा. अडचण सांध्यात आहे, बारमध्ये नाही.

*राजापूर:* भातलावणीमुळे दोन आठवडे बसता आलं नाही. आज परत, ४४.
४४ उत्तम. उद्याही ४४ च ठेवा.