‘पीअर रिव्ह्यू’ला मराठीत काय म्हणावे?

एका वाचकाचा प्रश्न आहे: संशोधन नियतकालिकांच्या कारभारावर ते मराठीत लेख लिहीत आहेत. ‘पीअर रिव्ह्यू’साठी, म्हणजे निबंध छापण्याआधी त्याच विषयाच्या जाणकारांकडून तो तपासून घेण्याच्या पद्धतीसाठी, भाषांतरयंत्राने त्यांना ‘समवयस्क पुनरावलोकन’ सुचवले, एका स्नेह्याने ‘सहकर्मी समीक्षा’. यांतले कोणते घ्यावे? ‘पीअर रिव्ह्यूड’ आणि ‘रेफरीड’ हे दोन्ही शब्द मुखपृष्ठावर शेजारी शेजारी छापलेले दिसतात, त्यांत काही फरक आहे का? आणि ‘रिट्रॅक्टेड’ लेखाला ‘मागे घेतलेला’ म्हटले तर चालेल का?

पहिल्याचे उत्तर आधी देतो: दोन्ही नकोत.

‘समवयस्क’ कुठून आले ते कळते. ‘पीअर प्रेशर’ला आपण समवयस्कांचा दबाव म्हणतो, यंत्राने तोच ‘पीअर’ उचलून इथे आणून बसवला. पण इथे वयाचा काय संबंध? सत्तरीतल्या प्राध्यापकाचा शोधनिबंध तिशीतल्या संशोधिकेकडे तपासायला जातो आणि ती त्यातली चूक दाखवते, हे रोजचे आहे. ‘पीअर’च्या मुळाशी लॅटिनमधला ‘पार’ आहे, म्हणजे समान. इंग्लंडातल्या उमरावांनाही ‘पीअर’ म्हणतात, तेही ते आपसात बरोबरीचे मानले जात म्हणून. तेव्हा मुद्दा बरोबरीचा आहे, जन्मतारखेचा नाही.

‘सहकर्मी’ हा हिंदीतून आलेला शब्द, आपला ‘सहकारी’. पण ही अडचण केवळ हिंदी-मराठीची असती तर मी फार ताणले नसते. खरी गोम अशी की सहकारी हाच तो माणूस, ज्याच्याकडे निबंध तपासायला पाठवू नये असा दंडक आहे. एकाच विभागात बसणारे, नुकतेच एकत्र लेख लिहिलेले, गुरू आणि त्याचा शिष्य, अशांना हितसंबंधांच्या कारणाने बाजूला ठेवतात. परीक्षकाला विनंती करताना संपादक हे विचारतो, आणि असा काही संबंध असेल तर त्याने स्वतःहून सांगावे अशी अपेक्षा असते. जो चालत नाही त्याचेच नाव प्रक्रियेला द्यायचे, हे काही बरे दिसत नाही.

मग ‘समकक्ष’? याच्या बाजूने मी आहे, एका अटीवर. ‘समकक्ष’ ऐकले की आपल्याला हुद्दा आठवतो: सहसचिव आणि त्याच्या समकक्ष अधिकारी वगैरे. इथली कक्षा हुद्द्याची नाही, विषयाची आहे. याचे सगळ्यांत चांगले उदाहरण १९३६ सालचे. आल्बर्ट आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांनी गुरुत्वीय लहरींबद्दलचा एक निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू’ या अमेरिकी नियतकालिकाकडे पाठवला. अशा लहरी अस्तित्वात नसाव्यात, असा त्यातला निष्कर्ष होता. संपादक जॉन टेट यांनी तो एका जाणकाराकडे पाठवला, आणि त्याच्याकडून आलेला शंकांचा लांबलचक अहवाल आइन्स्टाइनना धाडला. आइन्स्टाइन भडकले. आम्ही निबंध छापण्यासाठी पाठवला होता, छापण्याआधी तो कुणा तज्ज्ञाला दाखवण्याची परवानगी तुम्हांला दिली नव्हती, अशा आशयाचे पत्र लिहून त्यांनी निबंध परत घेतला. पुढे १९३७ साली तो दुसरीकडे, ‘फ्रँकलिन इन्स्टिट्यूट’च्या नियतकालिकात छापून आला तेव्हा निष्कर्ष बदललेला होता. शंका घेणाऱ्याचे बरोबर होते. ते भौतिकशास्त्रज्ञ हॉवर्ड रॉबर्टसन होते, हे कित्येक दशकांनी जुन्या कागदपत्रांतून नक्की झाले.

आता सांगा, १९३६ साली आइन्स्टाइनचे ‘समकक्ष’ कोण? कीर्तीने पाहिले तर कुणीच नाही, आणि त्यांचा निबंध तपासायला कुणी सापडलाच नसता. पण त्या एका गणितापुरते रॉबर्टसन बरोबरीचे होते आणि तेवढेच पुरेसे होते. ‘तज्ज्ञ परीक्षण’ हा शब्दही मी याच कारणाने दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. तज्ज्ञ म्हटले की वरून खाली पाहणारा कुणीतरी वाटतो. ‘पीअर’मध्ये वर-खाली नाही. आज जो परीक्षक आहे तो उद्या लेखक म्हणून त्याच रांगेत उभा असतो.

आता जोडशब्दाचा दुसरा भाग. ‘पुनरावलोकन’ म्हणजे पुन्हा पाहणे. परीक्षक तर निबंध पहिल्यांदाच पाहतो, मग पुनः कशाला? ‘आढावा’ तर बिलकूल नको, कारण एखाद्या विषयावर झालेल्या कामाची झडती घेणाऱ्या लेखाला आपण आढावा-लेख म्हणतो आणि तो इंग्रजीत वेगळ्या अर्थाने ‘रिव्ह्यू’ असतो. राहिले समीक्षा आणि परीक्षण. दोन्हींच्या पोटात ‘ईक्ष्’ हाच धातू आहे, पाहणे. पण वापराने त्यांच्या वाटा वेगळ्या केल्या. मराठीत समीक्षा म्हटली की कविता-कादंबरी येते, आणि समीक्षा छापलेल्या पुस्तकाची होते, जाहीरपणे, सहीनिशी, वाचकासाठी. इथे निबंध छापलेला नसतो, मजकूर गुप्त असतो आणि वाचक दोनच, संपादक आणि लेखक. म्हणून ‘परीक्षण’ जवळचे. प्रबंधाच्या परीक्षकालाही आपण परीक्षकच म्हणतो.

तरी ‘परीक्षण’मध्ये एक धोका आहे आणि माझ्या मते या सगळ्या चर्चेतला मुख्य मुद्दा तोच. परीक्षा म्हटली की निकाल आला, पास-नापास आले. ‘परीक्षित’ हा शिक्का पाहून वाचक समजतो की यातले सगळे तपासून खरे ठरले आहे. तसे नसते. परीक्षक प्रयोग पुन्हा करत नाही, बहुतेक वेळा त्याच्यापुढे मूळ नोंदीही नसतात. समोर ठेवलेल्या मजकुरातून युक्तिवाद टिकतो का, पद्धत योग्य आहे का, पूर्वीच्या कामाची दखल घेतली आहे का, एवढे तो पाहतो आणि मत देतो. निर्णय संपादकाचा. लेखकाने आकडे रचून लिहिले असतील तर ते पकडणे परीक्षकाला अवघड जाते. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९९८ साली १२ मुलांवरचा अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांचा निबंध छापला. गोवर-गालगुंड-रुबेला लशीविषयी त्याने जगभर घबराट पसरवली. तो मागे घ्यायला २०१० उजाडले. परीक्षण त्याचेही झाले होते.

उलट बाजूही आहे: शिक्का आहे आणि परीक्षणच नाही. जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम ढोबळ चुका पेरलेला एक बनावट निबंध ३०४ खुल्या, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणाऱ्या, नियतकालिकांकडे पाठवला आणि त्यांतल्या १५७ जणांनी तो स्वीकारला. ही हकिकत ‘सायन्स’ या नियतकालिकाने २०१३ साली छापली. लेखकाकडून पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या अशा नियतकालिकांना इंग्रजीत ‘प्रेडेटरी’ म्हणतात आणि मराठीत कुणी कुणी त्याचे ‘भक्षक’ करतात. वाघ-सिंह आठवतात. आपल्याकडे ‘गल्लाभरू’ हा तयार शब्द असताना जंगलात कशाला जायचे?

म्हणून माझी सूचना: नाम म्हणून ‘समकक्ष परीक्षण’ घ्या, पण वाक्यात ‘अभिप्राय’ येऊ द्या. कचेरीतली फाइल ‘अभिप्रायार्थ’ जाते. ती ज्याच्याकडे जाते त्याला मत देण्याचा अधिकार असतो, मंजुरीचा नाही. निबंधाचे अगदी हेच होते. ‘संपादकांनी निबंध दोन समकक्ष अभ्यासकांकडे अभिप्रायार्थ पाठवला’ या वाक्यात कुणाचा काय अधिकार हे आपोआप कळते. संपादकाने स्वतःच वाचून कुणाकडेही न पाठवता परत केला, तर त्यासाठी ‘साभार परत’ आहेच. कविता परत येणाऱ्यांच्या पिढ्यांनी तो घासून गुळगुळीत केला आहे.

एक जाता जाता. ‘डबल ब्लाइंड’चे ‘दुहेरी अंध’ करू नका. डोळे झाकून सही करणे म्हणजे न वाचता सही करणे, हा मराठीतला पक्का अर्थ आहे, त्यामुळे ‘अंध परीक्षण’ वाचून लोकांना भलतेच वाटेल. लपवलेली असतात ती नावे. लेखकाला परीक्षकाचे नाव कळत नाही पण परीक्षकाला लेखकाचे कळते, ते ‘एकतर्फी अनाम’, दोघांनाही एकमेकांचे कळत नाही ते ‘दुतर्फा अनाम’. नावे उघड असतात ते ‘खुले परीक्षण’.

‘पीअर रिव्ह्यूड’ आणि ‘रेफरीड’ यांत आजच्या वापरात फरक नाही. मुखपृष्ठावर दोन्ही छापणे म्हणजे ‘लेडीज बायकांसाठी’ लिहिण्यासारखे. फरक आहे तो वयाचा. ‘रेफरी’ जुना, म्हणजे ज्याच्याकडे बाब सोपवली तो. खेळाच्या मैदानाशी त्याचे मूळ नाते नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचे ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ १६६५ साली हेन्री ओल्डनबर्ग यांनी सुरू केले तेव्हा काय छापायचे ते तेच ठरवत. १७५२ साली सोसायटीने ते आपल्याकडे घेतले आणि निवडीसाठी समिती नेमली. जाणकारांचे लेखी अहवाल मागवण्याची रीत तिथे १८३० च्या दशकात पडली, आणि ‘पीअर रिव्ह्यू’ हे नाव तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळले. ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकाने बाहेरच्या परीक्षकांचे मत सक्तीचे केले ते १९७३ साली. डीएनएच्या रचनेवरचा वॉटसन-क्रिक यांचा १९५३ चा निबंध तिथे अशा परीक्षणाविना छापला गेला होता. तेव्हा ‘परीक्षित नाही म्हणजे कचरा’ असे निदान जुन्या लेखांबद्दल लिहू नका.

तुमच्या लेखात ‘पब्लिकेशन एथिक्स’ येणारच. त्याचे ‘प्रकाशन नीती’ केलेत तर निम्मे वाचक ‘धोरण’ समजतील, कारण हिंदीच्या संगतीने ‘नीती’चा तो अर्थ आपल्याकडेही शिरला आहे. ‘प्रकाशनातील नीतिनियम’ म्हणा, गोंधळ मिटतो. या विषयात संपादकांना सल्ला देणारी संस्था १९९७ साली ब्रिटनमध्ये सुरू झाली, तिच्या नावाची (‘कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स’) आद्याक्षरे देवनागरीत ‘कोप’ अशी होतात. ‘संपादकांवर कोपचे नियम’ असले शीर्षक देण्याचा मोह आवरा.

‘प्लेजिअरिझम’साठी ‘वाङ्मयचौर्य’ रूढ आहे, असू द्या. पण कुणी दुसऱ्याचा आलेख किंवा मोजमापांची सारणी उचलली तर त्यात वाङ्मय कुठे आले? तिथे ‘उचलेगिरी’ अधिक नेमके. मूळ लॅटिन शब्द तर माणसे पळवून नेणाऱ्यासाठी होता. मार्शल या रोमन कवीने आपल्या कविता स्वतःच्या म्हणून खपवणाऱ्याला तो चिकटवला.

शेवटचे ‘मागे घेणे’. चालेल, फक्त दोन गोष्टी सांभाळा. छापण्याआधी लेखकाने निबंध परत घेतला, जसा आइन्स्टाइननी घेतला, ते इंग्रजीत ‘विथड्रॉ’. छापल्यानंतर तो भरवशाचा नाही असे जाहीर झाले की ‘रिट्रॅक्ट’. मराठीत दोन्हींना ‘मागे घेतला’ म्हटले तर वाचकाला कळत नाही, म्हणून पहिल्यासाठी ‘परत घेतला’ आणि दुसऱ्यासाठी ‘मागे घेतला’ अशी विभागणी लेखभर पाळा. दुसरे म्हणजे कर्ता गाळू नका. असा निबंध गायब होत नाही. पानापानांवर आडवा शिक्का घेऊन तो जागेवरच राहतो आणि सोबत सूचना असते. ती सूचना कुणी काढली, लेखकांनी की संपादकांनी, आणि कारण काय, प्रामाणिक चूक की लबाडी, हे त्यात लिहिलेले असावे असा ‘कोप’चा आग्रह आहे. ‘निबंध मागे घेण्यात आला’ या आपल्या लाडक्या कर्मणी रचनेत नेमके तेवढेच गळून जाते. ‘आकडेवारीची खात्री पटेना म्हणून संपादकांनी निबंध मागे घेतला’ असे लिहा.