हेडलॅम्प कसा निवडावा? रात्री पळणाऱ्या वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कात्रज ते सिंहगड हा रात्रीचा ट्रेक मी मित्रांबरोबर चालत केलेला आहे. आता तोच मार्ग पळत करायचा आणि पुढे सिंहगड-राजगड-तोरणा असा पल्ला गाठायचा विचार आहे. दुकानात 200 ल्यूमेनपासून दीड हजार ल्यूमेनपर्यंतचे हेडलॅम्प दिसले. नेमके किती ल्यूमेन पुरेसे आहेत? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ल्यूमेनचा, म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या एकूण प्रकाशाचा, आकडा खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला असतो, परंतु निवड करताना तो सर्वांत शेवटी पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. नामांकित कंपन्या हे आकडे बहुधा ‘एफएल-1’ या अमेरिकी मानकानुसार देतात. त्या मानकाप्रमाणे प्रकाशाचे मोजमाप दिवा लावल्यानंतर अर्ध्या ते दोन मिनिटांच्या अवधीत होते, आणि प्रकाश सुरुवातीच्या 10 टक्क्यांवर येईपर्यंत दिवा ‘चालू’ धरला जातो. म्हणजे 600 ल्यूमेनचा दिवा काही मिनिटांतच 250 वर उतरला आणि पुढे कित्येक तास 60-70 ल्यूमेनवर मिणमिणत राहिला, तरी खोक्यावर 600 ल्यूमेन आणि ते सगळे तास असे दोन्ही आकडे नियमाला धरूनच छापलेले असतात. त्यातच काही कंपन्या ल्यूमेन सर्वांत प्रखर मोडचे आणि तास सर्वांत मंद मोडचे शेजारी शेजारी छापतात. तेव्हा दुकानदाराला ‘किती ल्यूमेन?’ असे विचारण्याऐवजी ‘200 ल्यूमेनवर किती तास टिकतो, आणि त्या वेळात प्रकाश स्थिर राहतो की हळूहळू उतरतो?’ असे विचारावे. चांगल्या उत्पादनांच्या माहितीपत्रकात प्रकाश आणि वेळ यांचा आलेख दिलेला असतो. तो बराच वेळ सपाट दिसला, तर दिवा कामाचा आहे असे समजावे.

मीटरमध्ये दिलेल्या पल्ल्याचेही तसेच आहे. प्रकाश 0.25 लक्सपर्यंत, म्हणजे साधारण निरभ्र पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, ते अंतर म्हणजे त्या मानकातला पल्ला होय. तेवढ्या उजेडात समोर झाड आहे की कातळ, हे कळते. पाऊल कोठे टाकावे हे कळत नाही. शिवाय पल्ला दुप्पट करायचा, तर झोताची तीव्रता चौपट लागते. त्यामुळे 100 मीटरऐवजी 140 मीटरचा दिवा घेण्यासाठी दुप्पट बॅटरी खर्ची घालण्यात पळणाऱ्याचा फारसा फायदा नसतो.

आता आपल्या मार्गाविषयी. टेकडीचा चढ चालत चढताना 60 ते 100 ल्यूमेन पुरतात. सपाटीवर पळताना 150 ते 200 स्थिर ल्यूमेन असावेत, आणि घसाऱ्याच्या, म्हणजे सुट्या दगडमातीच्या, उतारावर, जेथे प्रत्येक पाऊल पाहून टाकावे लागते, तेथे काही मिनिटांपुरते 300-400 मिळाले म्हणजे झाले. पावसाळा संपून गवत पिवळे पडले की त्यावरून परावर्तन इतके होते, की प्रखर झोत उलट डोळ्यांवरच येतो.

बॅटरीचा हिशेब घरीच करता येतो. 18650 या आकाराच्या, म्हणजे 18 मिलिमीटर जाडीच्या आणि 65 मिलिमीटर लांबीच्या, चांगल्या लिथियम-आयन सेलमध्ये सुमारे 12 वॉट-तास ऊर्जा मावते. एका वॉटमागे ढोबळमानाने 100 ल्यूमेन धरले, तर 200 ल्यूमेनसाठी दोन वॉट लागतात, आणि थोडी गळती वजा जाता पाच तास हाती राहतात. तीन ‘ट्रिपल ए’ रिचार्जेबल सेलच्या छोट्या हेडलॅम्पमध्ये जेमतेम तीन वॉट-तास असतात, म्हणजे त्याच प्रकाशावर तो दीड तासही टिकणार नाही. कात्रज-सिंहगड एका 18650 सेलवर होऊन जाईल. तोरण्यापर्यंतच्या पल्ल्यात मात्र आपण अंधारात किती तास असणार, यावर सगळे अवलंबून आहे. म्हणून सेल बदलता येणारा दिवा घ्यावा, आतच बंदिस्त बॅटरी असलेला घेऊ नये.

झोताच्या आकाराकडे खरेदी करताना फारसे कोणी लक्ष देत नाही. वाट शोधण्याच्या दृष्टीने मात्र मी त्यालाच सर्वाधिक महत्त्व देतो. अरुंद झोतात समोरची पायवाट स्वच्छ दिसते, पण दोन्ही बाजूंना काळोखाच्या भिंती उभ्या राहतात, आणि डावीकडे फुटलेली वाट त्या भिंतीआड निघून जाते. कात्रजच्या टेकड्यांवर ढोरवाटा इतक्या आहेत, की मळलेली वाट तीच खरी, असे रात्री मुळीच म्हणता येत नाही. एखादी ढोरवाट डोंगराच्या धारेवरून अलगद बाजूच्या सोंडेवर उतरते आणि पळणारा उताराच्या ओघात शे-दोनशे मीटर खाली गेल्यावरच थांबतो. म्हणून जवळचा प्रकाश पसरट आणि त्याच्या मधोमध एक लांब झोत, असे दोन्ही एकाच वेळी लावता येणारा हेडलॅम्प घ्यावा. पसरट प्रकाशात फाटे दिसतात, लांब झोताने पुढची खिंड किंवा खुणेचे झाड हेरता येते.

आणि फाट्यावर शंका आली, तर दिवा विझवावा. हे विचित्र वाटेल, पण निरभ्र रात्री मिनिटभरात डोंगरांच्या कडा आकाशावर उमटू लागतात, एका बाजूला पुणे शहराचा उजेड आणि समोर सिंहगडावरच्या दूरदर्शन मनोऱ्याचे दिवे दिसले की दिशा आपोआप जुळते. पौर्णिमेच्या आसपासच्या शनिवारी या मार्गावर पुढे हेडलॅम्पची रांगच दिसते. तिच्यामागे डोळे झाकून जाऊ नये, कारण पुढचे लोकही पुष्कळदा आपल्यासारखेच वाट शोधत असतात.

प्रश्न : हेडलॅम्पमध्ये लाल दिवा असणे आवश्यक आहे का? रात्री नकाशा वाचताना लाल प्रकाशच वापरावा, असे आमच्या गटात सांगितले जाते. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : त्यामागचे शास्त्र बरोबर आहे. अंधुक प्रकाशात पाहणाऱ्या डोळ्यांतील दंडपेशी लाल प्रकाशाला फार कमी प्रतिसाद देतात, त्यामुळे अंधाराला सरावलेली नजर लाल दिव्याने फारशी बिघडत नाही. उलट, प्रखर पांढऱ्या प्रकाशाने ती क्षणात बिघडते आणि पूर्ववत व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात. आकाशनिरीक्षणासाठी, तंबूत, किंवा मुक्कामाच्या गुहेत इतर लोक झोपलेले असताना लाल दिवा उत्तम. पावसाळ्यानंतर चेहऱ्याभोवती जमणारे किडेही लाल प्रकाशाकडे कमी येतात.

नकाशासाठी मात्र माझे मत उलट आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 प्रमाणाचा नकाशा लाल दिव्याखाली धरून पाहावा. त्यावरच्या समोच्च रेषा तपकिरी असतात, दर 20 मीटर उंचीमागे एक. आणि पक्के रस्ते लाल असतात. लाल प्रकाशात पांढरा कागदही लालच दिसतो, त्यामुळे लाल रस्ते त्यात जवळजवळ विरून जातात, तपकिरी रेषा फिकट होतात, आणि डोंगरात वाट काढायची ती तर याच रेषांच्या आधारे! ओरिएंटियरिंगच्या, म्हणजे नकाशा आणि होकायंत्र घेऊन वाट शोधत पळण्याच्या खेळाच्या, नकाशांतही समोच्च रेषा तपकिरीच असतात. स्वीडनमधील तिओमिला आणि फिनलंडमधील युकोला या रात्रभर चालणाऱ्या ओरिएंटियरिंग रिले स्पर्धांमध्ये धावपटू पांढऱ्या प्रकाशातच जंगलातून पळत नकाशा वाचतात. खडकांवर लाल रंगाने काढलेले वाटेचे बाणही लाल दिव्याखाली नीट दिसत नाहीत.

तेव्हा लाल दिव्यापेक्षा पाच-दहा ल्यूमेनचा अगदी मंद पांढरा मोड आहे का, आणि मुख्य म्हणजे प्रखर मोडमधून न जाता थेट त्या मोडवर येता येते का, हे दुकानात बटण दाबून पाहावे. नकाशा प्लास्टिकच्या पिशवीत असेल, तर तो किंचित तिरका धरावा, म्हणजे झळाळी डोळ्यांत येत नाही. काही हेडलॅम्पना चार्जिंगसाठी किंवा गाडीच्या पत्र्याला चिकटवता यावा म्हणून चुंबक बसवलेला असतो. असा दिवा कपाळावर आणि होकायंत्र छातीपुढे असेल तर बिघडत नाही. पण दिवा काढून होकायंत्राबरोबर एकाच हातात धरला, तर सुई भलतीकडे वळते.

प्रश्न : मागच्या पावसाळ्यात खिरेश्वरहून हरिश्चंद्रगडावर रात्री जाताना धुके इतके होते, की हेडलॅम्प लावूनही समोर पांढऱ्या पडद्याशिवाय काही दिसेना. अधिक शक्तीचा दिवा घ्यावा का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : मुळीच नाही. घाटात धुके असताना गाडीचे अप्पर लावल्यावर जे होते, तेच येथे होते. धुक्यातील थेंबांवर आदळलेला प्रकाश मागे फिरतो, आणि दिवा डोळ्यांच्या अगदी वर असल्यामुळे तो थेट नजरेत येतो. दिवा जितका प्रखर, तितका पडदा दाट. उपाय म्हणजे प्रकाश कमी करावा, झोत अरुंद ठेवावा आणि दिवा डोळ्यांपासून दूर न्यावा. हेडलॅम्प काढून हातात गुडघ्याच्या उंचीवर धरला किंवा कमरेच्या पट्ट्याला अडकवला, तरी फरक लगेच जाणवतो. कमरेच्या दिव्याचा आणखी एक गुण असा, की दगडांच्या सावल्या लांब पडतात आणि खाचखळगे उठून दिसतात. कपाळावरच्या दिव्यात त्याच सावल्या दगडामागे लपतात व जमीन आहे त्यापेक्षा सपाट भासते.

तोलार खिंडीतून रेलिंगचा कातळटप्पा चढून वर आल्यानंतर मंदिरापर्यंत ज्या लहान लहान टेकड्या ओलांडाव्या लागतात, तेथे दिवसाही धुक्यात वाट चुकते. रात्री अशा वेळी दिव्यावर भिस्त न ठेवता मोबाइलमध्ये आधीच उतरवून घेतलेला मार्ग पाहत, पाचजणांच्या गटात दोघांनीच दिवे लावून चालावे. आणि धुके हटत नसेल तर खिरेश्वरलाच मुक्काम करून पहाटे निघावे, यात कमीपणा काही नाही.

पावसाळ्यासाठी दिव्याचा पाणीरोधक दर्जा पाहावा. आयपीएक्स-4 म्हणजे चहूबाजूंनी उडणाऱ्या पाण्यापासून संरक्षण, आणि आयपीएक्स-7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. सह्याद्रीच्या पावसात मी दुसऱ्या प्रकाराचाच आग्रह धरेन. चार्जिंगच्या छिद्रावरचे रबरी झाकण मात्र नीट बसलेले असावे. घामातील क्षारांनी त्या छिद्रातले धातूचे टोक गंजते, म्हणून पळून आल्यावर झाकण बंद ठेवूनच दिवा गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून घ्यावा.

प्रश्न : रात्रपाळीच्या विजेमुळे शेतात दारे धरायला जाताना आम्ही डोक्याला बांधायची चार्जिंगची बॅटरी वापरतो. ती स्वस्त आहे आणि तिचा झोत लांब जातो. पळण्याच्या सरावासाठी तीच वापरली तर चालेल का? (एक वाचक, जुन्नर)

उत्तर : डांबरी किंवा गाडीरस्त्यावर सावकाश पळणार असाल, तर खुशाल वापरावी. बांधावर उभे राहून लांबवर पाणी कोठपर्यंत गेले हे पाहण्यासाठी ती बनवलेली आहे आणि ते काम ती चोख करते. पळताना मात्र दोन अडचणी येतात. सगळे वजन कपाळावर असल्याने प्रत्येक पावलाला दिवा हलतो आणि त्याबरोबर जमिनीवरचा झोतही नाचतो; अर्ध्या तासात डोळे शिणतात. पळण्याच्या हेडलॅम्पचे पुढचे वजन शंभर ग्रॅमच्या आत असावे, आणि बॅटरी जड असेल तर ती डोक्यामागे असावी.

दुसरी अडचण रंगाची आहे. स्वस्त दिव्यांचा निळसर पांढरा प्रकाश मातीचे, पाचोळ्याचे आणि सापाचे तपकिरी रंग एकसारखेच दाखवतो. घोणस, फुरसे आणि मण्यार हे तिन्ही विषारी साप रात्री बाहेर पडतात, आणि पाचोळ्यात वेटोळे घालून बसलेले फुरसे वेगळे ओळखायचे, तर रंगांतला बारीक फरक दिसायला हवा. त्यासाठी 4000 ते 5000 केल्व्हिन रंगछटेचा, म्हणजे निळसर नसलेला, रंग अचूक दाखवणारा दिवा चांगला. गवतात जमिनीलगत हिरवट निळ्या ठिणग्या चमकताना दिसल्या, तर घाबरू नये. ते बहुतेक वेळा कोळ्यांचे डोळे असतात, आणि दिवा आपल्या डोळ्यांजवळ असतो म्हणूनच ते दिसतात.

टोपी घालत असाल तर दिव्याचा पट्टा टोपीच्या झापेवर येऊ देऊ नये. झाप पायापुढचा प्रकाश अडवते आणि आतून चकाकते. टोपी उलटी घालणे हा सर्वांत सोपा तोडगा आहे.

प्रश्न : लेहची 72 किलोमीटरची खारदुंग ला स्पर्धा करायची आहे. हेडलॅम्पची वेगळी काय तयारी करावी? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : स्पर्धा पहाटेच्या अंधारात सुरू होते आणि मार्ग गाडीरस्त्याचा आहे, त्यामुळे वाट शोधण्याचा प्रश्न नाही, 150 ल्यूमेन भरपूर झाले. अडचण थंडीची आहे. लिथियम-आयन सेलची क्षमता थंडीत घटते, म्हणून जादा सेल जाकिटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावा, आणि गोठणबिंदूखालच्या तापमानात तो चार्ज करू नये, कारण त्याने सेल कायमचा खराब होतो. विमानात सुटे लिथियम सेल चेक-इन सामानात टाकता येत नाहीत. ते हातातल्या बॅगेत, धातूला धातू लागणार नाही अशा प्लास्टिकच्या डबीत न्यावेत. बॅगेत बटण चुकून दाबले जाऊन दिवा पेटू नये म्हणून लॉक असलेला दिवा घ्यावा, नाहीतर सेल काढून ठेवावा. जाड लोकरी टोपीवर पट्टा बसतो की नाही आणि हातमोजे घालून बटण दाबता येते की नाही, हे मात्र कोल्हापुरातच, घरातला दिवा घालवून पाहून घ्यावे.